उशाकडची कडी

कडी हातात आली तेव्हा मुक्ताबाईंना पहिल्यांदा दुधाचा दात आठवला. लेकाचा, अनंताचा, पुढचा दात असाच पडला होता, नुसतं बोट लावल्यावर, आणि तो तळहातावर घेऊन अनंता त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखं बघत राहिला होता. आताही त्यांनी काही ओढलं नव्हतं. पाळण्याच्या उशाकडच्या कोपऱ्यावरची मिठाची जुनी पुरचुंडी सोडायची म्हणून डाव्या हाताने कडीला आधार दिला, तेवढंच. कडी जराशी फिरली, थांबली, आणि मग आवाज न करता लाकडातून निघून आली. वरचा गोल चांगला जाडजूड होता, हिरव्या रंगाखाली धडधाकट. लाकडात जाणारा दांडा मात्र अर्ध्यात सुईएवढा बारीक होऊन संपला होता. भोकातून काळी पूड सांडली आणि पांढऱ्याशुभ्र फरशीवर पसरली. त्यांनी ती पायाच्या अंगठ्याने पुसली तर फरशीवर तपकिरी ओघळ उमटला.

"आजी, झालं का बांधून?" स्वयंपाकघरातून नीरजाची, नातसुनेची, हाक आली. "फुलवाला आलाय वर. बारशाच्या पाळण्याला डेकोरेशन करायचंय त्याला."

"झालं, झालं. दमानं घे म्हणावं. पोरगी काय पळून चालली न्हाई."

असं म्हणताना मुक्ताबाईंनी कडी परत भोकात ढकलली. ती बसली. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पुरचुंडी मात्र हातातच राहिली आणि त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या.

खोलीत बाळंतशोपेचा आणि दुधाचा वास होता. नीरजाची लेक, मुक्ताबाईंची पणती, दुपट्यात झोपली होती, मुठी मिटून. खिडकीबाहेर इमारती होत्या, एकीच्या खांद्यावरून दुसरी डोकावणाऱ्या, आणि त्यांच्या मधून कालव्याची रेघ दिसायची. ती दिसली की मुक्ताबाई मनात बाकीचं लावून घ्यायच्या. कालव्याच्या अलीकडे कांद्याचं वावर, पलीकडे ऊस, बांधावर बाभळी, आणि बाभळींच्या खाली घर. हडपसरात ज्या जागी घर होतं त्याच जागी ही इमारत उभी राहिली होती, फक्त आता त्या पूर्वी जिथे पाखरं उडायची तेवढ्या उंचीवर राहत होत्या. कधी कधी दुपारी डोळा लागला की त्यांना वाटायचं, खाली वाकून बघितलं तर आपलीच चूल पेटलेली दिसेल आणि चुलीपुढे बसलेल्या दोन बायका, एक थोरली आणि एक धाकटी, वर मान करून बघतील.

पुरचुंडी ओली होती. नेहमीच ओली असायची. काळं कापड, आत जाडं मीठ, मोहऱ्या आणि एक बिब्बा. सासूबाईंनी, मथुराबाईंनी, पहिल्यांदा बांधली ती अनंताच्या बारशाला. पाळणा त्याहून जुना. सासऱ्यांनी आपल्या थोरल्या लेकासाठी, आप्पासाहेबांसाठी, बांधावरची बाभूळ पाडून तो करून घेतला होता. चार कोपऱ्यांना चार कड्या, गावच्या लोहाराने मोडक्या मोटेच्या लोखंडाच्या ठोकलेल्या, आणि चार कड्यांना चार साखळ्या, वर एका आकड्यात जमलेल्या. आप्पासाहेब त्यात झुलले, त्यांच्या मागचे दत्तोबा झुलले. मग आप्पासाहेबांचं लग्न झालं, सोजरबाई घरात आल्या, आणि पाळणा माळ्यावर वाट बघत राहिला. वाट बघून बघून त्यावर धुळीचा थर बसला. मग दत्तोबांचं लग्न झालं आणि मुक्ताबाई आल्या, परकर सुटून लुगडं नेसायला शिकलेल्या, भाकरी थापताना हात भाजून घेणाऱ्या. त्यांना सगळं सोजरबाईंनी शिकवलं. चुलीत फुंकर कशी घालायची, सासऱ्यांपुढून कसं जायचं, रडू आलं तर कुठल्या कोपऱ्यात बसायचं. एकदा मुक्ताबाईंनी मिठाच्या बरणीत लोखंडी पळी तशीच ठेवली होती. दोन-चार दिवसांनी सोजरबाईंनी पळी वर काढून त्यांच्या नाकापुढे धरली. पळीचा दांडा लाल झाला होता, खवले धरल्यासारखा.

"मिठात लोखंड ठिवू नये, मुक्ते. मीठ लोखंड खातं. माहेरी शिकवलं न्हाई का? का तुमच्यात बिनमिठाचंच जेवत्यात?"

दोघी इतक्या हसल्या होत्या की मथुराबाईंनी बाहेरून खाकरून दाखवलं.

मुक्ताबाईंनी पुरचुंडी दाबली. बोटांना पाणी लागलं. त्यांनी ते जिभेला लावून बघितलं, का ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. खारट लागलं, आणि खारटाच्या मागे लोखंडाची चव होती, ओठ फुटल्यावर येते तशी.

ती चव त्यांच्या तोंडात कितीतरी जुनी होती. श्रावणातली दुपार होती. त्या कालव्यावर धुणं धूत होत्या. आरडाओरड ऐकून तशाच ओल्या लुगड्याने धावत आल्या तेव्हा त्यांनी स्वतःचाच ओठ चावला होता. घरात पाळणा एका कोपऱ्याने खाली लोंबत होता. उशाकडची साखळी मोकळी हलत होती. अनंता सोजरबाईंच्या मांडीवर होता आणि त्याच्या कपाळावरून, भुवईच्या वरून, रक्त येत होतं. जात्याची कड लागली होती. सोजरबाई त्याचं कपाळ पदराने दाबून धरून त्याच्याकडे बघत होत्या. इतक्या एकटक की पापणी हलत नव्हती. त्या नेहमीच त्याच्याकडे तसं बघायच्या. न्हाऊ घालताना, झोका देताना. मथुराबाईंनी त्या बघण्यावरूनच कोपऱ्याला पुरचुंडी बांधली होती. तोंडाने नाव घेतलं नव्हतं, पण बांधताना ज्या दाराकडे बघितलं होतं त्या दारात कोण उभं होतं ते सगळ्यांना दिसलं होतं. मुक्ताबाईंनी लेकरू ओढून घेतलं. आणि त्या बोलल्या. ओरडून नव्हे, हळूच.

"जाऊबाई, तुमी याच्याकडं बघत जाऊ नका."

बस, एवढंच. पुढे ना भांडण झालं, ना चूल वेगळी झाली. दत्तोबा बोहरी आळीतून नवी कडी घेऊन आले, कोपरा ठोकून घट्ट केला. मुक्ताबाईंनी त्याच कोपऱ्यावर नवी पुरचुंडी बांधली, आधीच्याहून मोठी, मीठ मूठ भरून. अनंताची जखम दिवाळीपर्यंत बुजली आणि भुवईवर एक पांढरी रेघ राहिली. पुढे वयात आल्यावर ती त्याला शोभून दिसते असं लोक म्हणायचे.

फक्त सोजरबाईंनी ते वाक्य उचललं आणि जन्मभर सांभाळलं. त्या दिवसापासून त्यांनी घरातल्या कुठल्याच लहान पोराच्या तोंडाकडे बघितलं नाही. पोर समोर आलं की त्यांची मान खाली जायची, गाईम्हशीची जाते तशी, सवयीने. त्या पोरं पायांवरून ओळखायच्या. अनंताचा अंगठा आत वळलेला, धाकट्या शालूच्या टाचेला तीळ. "कोण, अनंता का?" असं त्याच्या पायांना विचारायच्या आणि पायांनाच गूळशेंगदाणे द्यायच्या. घरात बारसं निघालं की त्या मागच्या खोलीत वाती वळत बसायच्या, भिंतीकडे तोंड करून. कुणी बोलावलं तर म्हणायच्या, "माझं इथं काम हाय." बाकी दोघी जावा सगळं बोलायच्या. खुरपणीचं, दुधाचं, बाजारभावाच्या पडण्या-चढण्याचं, पुढे दोघींचे नवरे गेले ते, जमीन गेली ते, कंपनीच्या बस रस्त्यावर उभ्या राहतात ते. पण एकदा कांद्याचं पीक चांगलं आलं होतं आणि मुक्ताबाई सहज म्हणाल्या, "बघा की जाऊबाई, काय रंग आलाय." तर सोजरबाईंनी डोळ्यांवर पदर ओढला. म्हणाल्या, "मी कशाला बघू? चांगलं आलंय तर येऊ दे." तेव्हा मुक्ताबाईंच्या ध्यानात आलं की त्यांना ते पटलंय. आपण बोललो, पण विश्वास त्यांनी ठेवलाय. त्या वेळी काही बोलावंसं वाटलं होतं. बोलायला तोंड उघडलं तर समोरून बैलगाडी आली, मग संध्याकाळ झाली, मग वर्षं गेली.

बाळ झोपेत हसलं. मुक्ताबाई उठल्या. पाळणा हॉलमध्ये न्यायच्या आधी नुसता जमिनीवर ठेवलेला होता, साखळ्या गोळा करून मधे टाकलेल्या. त्या त्याच्यापाशी खाली बसल्या, गुडघे कुरकुरले. त्यांनी पायाकडची कडी धरून हलवली. हलली नाही. दुसरी धरली, दोन्ही हातांनी ओढली. पाळणाच जागचा सरकला. तिसरीही तशीच. तिन्ही मोटेच्या लोखंडाच्या, आप्पासाहेबांच्या जन्माच्या आधीच्या. लाकूडही त्यांच्या मुळाशी तांबूस होतं, टणक. त्या परत चौथ्या कोपऱ्याकडे आल्या. इथे लाकूड कोळशासारखं काळं. नखाने टोकरलं तर भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखं सुटून आलं. दत्तोबांनी आणलेली कडी, सगळ्यांत नवी, आणि तीच आतून संपलेली. आणि तिच्या आधीची जी मोडली तीही इथलीच.

त्यांच्या डोक्यात एकदम काही लखलखलं वगैरे नाही. उलट धुकं आल्यासारखं झालं. त्या धुक्यात त्यांना आपलाच हात दिसला, पावसाळ्यात पुरचुंडीतून गळणारं पाणी पदराने टिपणारा. श्रावणात ती थेंब थेंब गळायची, लाकडावर खाली ओघळ जायचा, वाळला की पांढरा दिसायचा, आणि त्या रोज तो पुसायच्या. रोज पुसून परत तिथेच घट्ट गाठ मारायच्या. मग माळ्यावर ठेवतानाही पुरचुंडी सोडायची नाही, सोडली की दृष्ट लागते. मीठ कोपऱ्याला बिलगून वर्षानुवर्षं माळ्यावर पडून असायचं, हवा ओढून घेत, आणि खाली घरात दोन बायका वावरायच्या, एक बघणारी आणि एक न बघणारी. पळी तर दोन-चार दिवसांतच लाल झाली होती.

तरी मन मानेना. योगायोगही असेल. बोहरी आळीतला माल हलका निघतो. मथुराबाई काय वेड्या होत्या? इतक्या बायका बांधतात त्या काय वेड्या? त्यांना वाटलं, कुणाला तरी विचारावं. पण विचारायचं ते एकाच माणसाला विचारता आलं असतं, आणि ते माणूस मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून वाती वळत होतं.

नवी पुरचुंडी शेजारी तयार होती. मुक्ताबाईंनी ती बांधली नाही. जुनी कमरेला खोचली आणि फुलवाल्याला आत बोलावलं.

दुपार झाली, बायका जमल्या. हॉलमध्ये बिल्डरने झोपाळ्यासाठी स्लॅबमधून आकडे सोडलेले होते, त्यांतल्या एकाला पाळणा टांगला. झेंडूने आणि कसल्या कसल्या जाळीदार कापडाने तो ओळखू येईनासा झाला होता. रिकामा होता तोवर चारी साखळ्यांवर सरळ राहिला. मुक्ताबाई त्याच्या उशाशी पाटावर बसल्या. हिंजवडीच्या ऑफिसातल्या नीरजाच्या मैत्रिणी मोबाइल धरून उभ्या होत्या. अनंता, साठीला टेकलेला, भुवईवर पांढरी रेघ घेऊन बायकांच्या घोळक्याबाहेर उगाचच घुटमळत होता.

"दादा, तू काय करतोयस इथं? पेढे मोज जा," शालू म्हणाली. शालू त्याची धाकटी बहीण, शेजारच्या मांजरी गावात दिलेली. बारशाला ती असली की दुसऱ्या कुणी बोलायची गरज नसे.

"मी पण याच पाळण्यात झोपलोय म्हटलं."

"झोपलास कुठं, पडलास."

बायका हसल्या. मुक्ताबाईंना ते हसू लांबून आल्यासारखं वाटलं, कालव्यापलीकडून. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आतली पाठ दिसत होती, वाकलेली, पांढरा अंबाडा, आणि मांडीवर हलणारा हात. भिंतीकडेच तोंड. मुक्ताबाईंनी दोनदा बघून खात्री केली.

वरवंटा आला. धुऊन, तेल लावून, नव्या कापडात गुंडाळलेला, त्याला हळदकुंकू, काजळाचा ठिपका. बाळाच्या आधी त्याला पाळण्यात घालायचं. नीरजाच्या एका मैत्रिणीने विचारलं, "हे काय? स्टोन का?" तेव्हा शालू म्हणाली, "म्हणजे पोर दगडासारखं घट्ट होतं. आमचा दादा तेवढा राहून गेला." मुक्ताबाईंचं लक्ष वरवंट्यावर होतं. बोलायची वेळ हीच होती. थांबा, एवढं म्हटलं की झालं असतं. कुणी काही विचारलं नसतं, कडी मोडली म्हणून दुसरा पाळणा आणला असता, ऑनलाइन तासाभरात येतो म्हणे. आणि मागच्या खोलीतली पाठ तशीच राहिली असती. त्यांनी जीभ दातांमागे धरली. बाळ नीरजाच्या हातांवर होतं, लांब होतं. त्यांना त्या दगडाला विचारायचं होतं. ती बघत नाहीये, भिंतीकडे तोंड आहे तिचं, आता सांग.

"कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या," बायकांनी सुरुवात केली. वरवंटा पाळण्याखालून गेला, वरून आला, परत खालून गेला, या हातातून त्या हातात, बांगड्यांच्या आवाजात. मुक्ताबाईंना गुंगी येत होती. झेंडूचा वास, तुपाचा वास, कुठेतरी ओलं लोखंड. मग शालूने तो उशाशी टेकवला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग तो कोपरा खाली गेला, सावकाश, कुणीतरी मान टाकावी तसा. साखळी कडीसकट वर राहिली आणि वरवंटा झेंडूच्या माळा तोडत घरंगळून फरशीवर आपटला. फरशीला तडा गेला. मुक्ताबाईंनी डोळे मिटून घेतले आणि त्या अंधारात इतकी स्वस्थता होती की वाटलं, इथंच बसून राहावं.

मग सगळ्या एकदम बोलू लागल्या. कुणी म्हणालं बाळ नव्हतं तेच नशीब, कुणी म्हणालं जुन्या वस्तू वापरायच्याच कशाला. आणि शालूचा आवाज सगळ्यांच्या वर आला, "मीठ बांधलं नव्हतं का? कुणी सोडलं? घरात माणसं असत्यात, म्हाईत नसल्यासारखं काय करताय सगळ्या?"

ती मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होती. मग बाकीच्या जुन्या बायकाही बघू लागल्या. अगदी मथुराबाईंनी बघितलं होतं तसंच. आतला हात थांबला. सोजरबाई भिंतीला धरून उठल्या, डोळ्यांपर्यंत पदर ओढला, आणि मान खाली घालून, लोकांच्या पायांतून वाट काढत बाहेरच्या दाराकडे निघाल्या. चप्पल शोधत होत्या पायाने. कुठे जाणार होत्या कुणास ठाऊक. लिफ्टही त्यांना एकटीला चालवता येत नव्हती.

"आई, तू का गप?" अनंता म्हणाला.

मुक्ताबाई उठल्या. नीरजाच्या हातांतून त्यांनी बाळ काढून घेतलं. नीरजा "आजी, मान, मान सांभाळा" म्हणेपर्यंत त्या दाराशी पोचल्याही होत्या. सोजरबाईंना पाय दिसले असणार, कारण त्या थांबल्या.

"बसा खाली," मुक्ताबाई म्हणाल्या.

"मला जाऊ दे, मुक्ते. मी बघितलं न्हाई. भित्तीकडं तोंड व्हतं माझं."

"मला ठावं हाय. मी बघत व्हते तुमच्याकडं. बसा म्हणते ना."

चपलांच्या ढिगाशेजारी, दारातच, सोजरबाई बसल्या. मुक्ताबाईंनी बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. सोजरबाईंचे दोन्ही हात हवेत राहिले, ओल्या पिठाचे असल्यासारखे. "घे हिला. माझी सवय गेली," त्या म्हणाल्या. पण मांडी आपोआप पसरली, खोलगट झाली. नजर बाळाच्या तळपायांवर होती. शालू काहीतरी बोलायला पुढे आली, पण अनंताने तिचा दंड धरला.

मुक्ताबाईंनी कमरेची पुरचुंडी काढली. मग मागे वळून लोंबणाऱ्या साखळीची कडी सोडवून आणली आणि दोन्ही एकत्र सोजरबाईंच्या तळहातावर ठेवल्या. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. पळीचं, श्रावणाचं, कांद्याच्या रंगाचं.

"मिठानं खाल्ली," त्या म्हणाल्या. "पयलीबी, हीबी."

हॉलमध्ये कुणाला त्यात काही कळलं नाही. सोजरबाईंनी कडी चाचपली. गोलावरून बोट फिरवत दांड्यावर आणलं, तो जिथे सुईएवढा झाला होता तिथे थांबवलं. मग पुरचुंडी दाबली, ओलं बोट जिभेला लावलं. बराच वेळ त्या नुसत्या चव घेत बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते मुक्ताबाईंना वाचता आलं नाही. पदराच्या सावलीत होतं ते. खालून, खूप खालून, कुठल्यातरी बसचा हॉर्न आला आणि विरला.

"तुला सांगितलं व्हतं मी," सोजरबाई म्हणाल्या. "मिठात लोखंड ठिवू नगं म्हणून."

"व्हय."

"माहेरी शिकवलं न्हाई ते न्हाईच."

मुक्ताबाईंना हसू आलं की रडू, ते त्यांना कळेना. कोपरा शोधावा तर कोपरा नव्हता, सगळीकडे बायका आणि मोबाइल. त्या तशाच शेजारी बसल्या, चपलांवरच, आणि म्हणाल्या, "जाऊबाई, वर बघा की."

सोजरबाईंची मान हलली नाही. हाताने मात्र पदर मागे सारला. मग नजर तळपायांवरून निघाली. घोट्यावर आली, काळ्या मण्यांवर थांबली, दुपट्याच्या घडीतून पोटापर्यंत चढली, मिटलेल्या मुठीपाशी परत अडली. उतारवयाचं माणूस चढण चढतं तशी, दम घेत घेत. नीरजाने एक पाऊल पुढे टाकलं होतं; ती तिथेच उभी राहिली. बाळ जागं झालं होतं. ते आपल्या काळ्याभोर डोळ्यांनी त्या पदराआडून निघालेल्या तोंडाकडे बघत होतं, एकटक, पापणी न हलवता.

म्हातारीचं आणि पोरीचं कितीतरी वेळ बघून होईना.

"नाक तुझ्यावर गेलंय, मुक्ते," शेवटी सोजरबाई म्हणाल्या. "आता काय करायचं, सांग." आणि त्यांची मांडी हलू लागली, उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे.